भागीदारीचे रसायन

प्रवरेच्या पाटपाण्याने नगर जिल्ह्यात ऊस आला, पण शेतकऱ्याच्या मानेवरचे सावकाराचे जू उतरले नाही. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील (जन्म १८९७) हे रोज पाहत होते. शिक्षण बेताचेच, पण व्यवहार पक्का. १९२३ साली त्यांनी गावात सहकारी पतपेढी काढली. पुढे गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवले. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले आणि १९५० मध्ये प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला.

साखर निघाल्यावर काळी, चिकट मळी उरते. यीस्टमुळे ती आंबते आणि तिच्यातील साखरेचे अल्कोहोल होते. कारखान्याच्या जोडीने पुढे आसवनीही आली.

या अल्कोहोलच्या रेणूतही भागीदारीच असते. ऑक्सिजन आणि हायड्रोजन मिळून इलेक्ट्रॉनांची एक जोडी सांभाळतात. पण ऑक्सिजनची ओढ जबर, म्हणून जोडी त्याच्याकडे सरकते. त्याच्यावर किंचित ऋण भार येतो, हायड्रोजनवर किंचित धन. शेजारच्या कार्बनकडूनही तो असेच ओढतो. मग एका रेणूचा हायड्रोजन दुसऱ्याच्या ऑक्सिजनला बिलगतो. म्हणूनच अल्कोहोल पाण्यात सहज मिसळते आणि उकळायला ७८ अंश लागतात. जवळपास तेवढ्याच वजनाच्या रेणूंचा, स्वयंपाकाच्या गॅसमधला प्रोपेन मात्र उणे ४२ अंशांनाच उकळतो.

१९६१ मध्ये विठ्ठलराव ‘पद्मश्री’ झाले. १९८० मध्ये ते गेले. रेणूतली असमान वाटणी हा निसर्गनियम आहे. माणसांमधली वाटणी मात्र बदलता येते, हे त्यांनी करून दाखवले.