अभयदानासाठी एक कोटी : अँड्र्यू कार्नेगी

आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान असे दानाचे चार प्रकार आपल्या आचार्यांनी सांगितले आहेत. पहिल्या तिहींची फळे डोळ्यांना दिसतात. भोजनशाळा, दवाखाना, ग्रंथालय यांच्या भिंतीवर दात्याचे नाव कोरता येते. अभयदानाचे तसे नाही. भयच उत्पन्न झाले नाही, तर ते कोणाच्या दानामुळे टळले हे कोण सांगणार? म्हणूनच या चौथ्या दानासाठी द्रव्य वेचणारे विरळा. अमेरिकेचे पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी हे त्यांपैकी एक. ते जैन नव्हते आणि त्यांचा व्यवसायही निर्दोष नव्हता. तरीही विश्वस्त संस्था चालविणाऱ्यांनी त्यांचे चरित्र अवश्य अभ्यासावे.

२५ नोव्हेंबर १८३५ रोजी स्कॉटलंडमधील डनफर्मलिन या गावी एका हातमाग विणकराच्या घरी त्यांचा जन्म झाला. वाफेच्या यंत्रांनी हातमाग बुडविला आणि १८४८ साली हे कुटुंब अमेरिकेत पिट्सबर्गजवळ येऊन राहिले. बारा-तेरा वर्षांचा अँड्र्यू सूतगिरणीत आठवड्याला सव्वा डॉलरहूनही कमी वेतनावर राबू लागला. पुढे तारखात्यात निरोप्या, मग रेल्वेत नोकरी आणि अखेर पोलादाचा कारखानदार अशी त्यांची चढती कमान आहे. कर्नल अँडरसन नावाच्या सद्गृहस्थाने आपला ग्रंथसंग्रह कामकरी मुलांसाठी खुला केला होता. त्या ऋणाची फेड म्हणून कार्नेगींनी पुढे अडीच हजारांहून अधिक ग्रंथालये उभारून दिली. १८७८-७९ च्या जगप्रवासात ते मुंबईसही आले होते. सूर्यास्तसमयी समुद्रकिनारी प्रार्थना करणाऱ्या पारशी बांधवांचे दृश्य त्यांच्या मनावर कायमचे ठसले.

१८६८ च्या डिसेंबरात, वयाच्या ३३ व्या वर्षी, त्यांनी स्वतःसाठी एक टिपण लिहिले. वर्षाला ५० हजार डॉलरांहून अधिक प्राप्ती करावयाची नाही, अधिक ते परोपकारार्थ द्यावयाचे, असा त्यातील निश्चय होता. आपण ज्याला परिग्रह-परिमाण व्रत म्हणतो, त्याच्याशी याचे किती साम्य! परंतु हे व्रत त्यांच्याकडून पाळले गेले नाही. संपत्ती वाढतच गेली. १८९२ साली होमस्टेडच्या कारखान्यात वेतनकपातीवरून संघर्ष पेटला, मालकपक्षाने खाजगी सशस्त्र शिपाई आणविले आणि गोळीबारात दोन्ही बाजूंची माणसे मृत्युमुखी पडली. कार्नेगी त्या वेळी स्कॉटलंडमध्ये होते. पण कारखाना त्यांचा होता. याच कारखान्यांतून अमेरिकन आरमाराच्या युद्धनौकांसाठी चिलखती पत्रेही जात. उद्योगी हिंसेचे याहून ठळक उदाहरण शोधावे लागणार नाही, आणि पुढील दानाचा विचार करताना हे झाकून ठेवणेही योग्य नाही.

१९०१ साली त्यांनी आपला व्यवसाय ४८ कोटी डॉलरांस विकला आणि उरलेले आयुष्य दानास वाहिले. राष्ट्राराष्ट्रांतील कलह रणांगणावर नव्हे तर लवादापुढे मिटावेत, हा त्यांचा ध्यास होता. १९०३ मध्ये हेग येथील शांतिप्रासादासाठी त्यांनी १५ लाख डॉलर दिले. १९१३ साली ती वास्तू पूर्ण झाली. परंतु वास्तू बांधणे त्यातल्या त्यात सोपे. १४ डिसेंबर १९१० रोजी त्यांनी २८ विश्वस्तांच्या हाती एक कोटी डॉलरांचे रोखे सोपविले आणि आंतरराष्ट्रीय शांततेचा कार्नेगी निधी जन्मास आला.

त्या दानपत्राची रचना मननीय आहे. युद्धाचे उच्चाटन हा हेतू दात्याने पक्का बांधून दिला. मार्ग कोणता घ्यावा हे मात्र विश्वस्तांच्या विवेकावर सोडले. युद्ध नष्ट झाले, तर मानवजातीला सर्वाधिक हीनतेस नेणारे पुढचे अनिष्ट कोणते ते ठरवून त्याच्या निवारणास लागावे, अशीही तरतूद केली. आपल्याकडे कित्येक दानपत्रांत साधन तेवढे नेमलेले असते आणि काळ पालटला की विश्वस्तांचे हात बांधले जातात. निधीचे पहिले अध्यक्ष एलिहू रूट हे अमेरिकेचे माजी युद्धमंत्री होते, हाही एक योगच. त्यांना पुढे १९१२ सालचे नोबेल शांतता पारितोषिक लाभले. कार्नेगींना फळाची घाई होती. विश्वस्तांनी मात्र सभा-मिरवणुकांपेक्षा आंतरराष्ट्रीय कायदा, अर्थशास्त्र व इतिहास आणि लोकशिक्षण अशा तीन शाखांतून संथ अभ्यासास द्रव्य दिले. १९१३ साली बाल्कन युद्धांच्या चौकशीसाठी त्यांनी एक आयोग पाठविला. सर्वच पक्षांनी केलेल्या अत्याचारांची त्याने निःपक्षपाती नोंद केली.

आणि तरीही युद्ध आलेच. फेब्रुवारी १९१४ मध्ये कार्नेगींनी २० लाख डॉलर देऊन ख्रिस्ती व ज्यू धर्मगुरूंचा एक शांतिसंघ स्थापिला होता. त्याच्या साहाय्याने जर्मनीत कॉन्स्टान्स येथे ऑगस्टच्या आरंभी परिषद भरली, तोच महायुद्धाचा भडका उडाला आणि प्रतिनिधींना घाईने परतावे लागले. कार्नेगींनी आत्मचरित्राचे लेखन तेथेच थांबविले. १९१७ साली अमेरिका युद्धात उतरली तेव्हा त्यांनी आणि विश्वस्तांनीही त्यास पाठिंबा दिला. अहिंसेच्या उपासकास हे पटणे कठीण. सुमारे ३५ कोटी डॉलरांचे दान करून ११ ऑगस्ट १९१९ रोजी, व्हर्सायचा तह होऊन दीड महिनाही झाला नसताना, त्यांनी देह ठेवला.

१९११ साली त्यांनी कार्नेगी कॉर्पोरेशन ही आणखी एक दानसंस्था स्थापिली होती. दात्याच्या मृत्यूनंतर सात दशकांनी, डेव्हिड हॅम्बर्ग अध्यक्ष असताना, तिने अण्वस्त्रांचा धोका टाळण्याच्या अभ्यासाला भरीव अनुदाने दिली. सोव्हिएत संघ कोसळत असताना तेथील अण्वस्त्रांचे काय होणार, याचा हार्वर्ड विद्यापीठातील तज्ज्ञांनी केलेला अभ्यास त्यांपैकीच. नन आणि लुगर हे दोन सिनेटर या तज्ज्ञांना भेटले आणि १९९१ च्या अखेरीस अमेरिकन काँग्रेसने अण्वस्त्रे निकामी करण्यासाठी निधी देणारा कायदा संमत केला. १९९६ अखेर युक्रेन, कझाकस्तान आणि बेलारूस हे तिन्ही देश अण्वस्त्रमुक्त झाले होते.