ओझ्याकडून अक्षराकडे : जाईबाई चौधरी

शिक्षणप्रसाराचा इतिहास शिकविताना आम्ही जाईबाई चौधरी यांचे नाव आवर्जून घेतो. 1892 साली उमरेड येथे महार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. दुष्काळाने कुटुंबास नागपुरात आणले. नवव्या वर्षी विवाह झाला. नागपूर-कामठी दरम्यान डोक्यावरून ओझी वाहून त्यांनी संसारास हातभार लावला. ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंच्या साहाय्याने त्या साक्षर झाल्या आणि मिशनच्या शाळेत दरमहा 4 रुपयांवर शिक्षिका झाल्या. अस्पृश्य स्त्री शिकविते, हे कळताच सवर्ण पालकांनी बहिष्कार घातला. नोकरी गेली, परंतु जाईबाई खचल्या नाहीत. 1922 साली त्यांनी नागपुरात संत चोखामेळा मुलींची शाळा काढली.

तरीही 1937 साली अखिल भारतीय महिला परिषदेच्या नागपूर अधिवेशनात भोजनप्रसंगी त्यांना निराळे बसविण्यात आले. शिक्षणाने ज्ञान मिळते. समता मात्र संघर्ष करूनच मिळवावी लागते. दलित स्त्रियांनी 1 जानेवारी 1938 रोजी सभा भरवून या अपमानाचा निषेध केला.

आपल्या वसतिगृहात मुली एका पंगतीस बसतात. त्या पंगतीमागील हा इतिहास पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी आपल्या लेकींना सांगावा, अशी आमची नम्र विनंती आहे.