विल्यम लॅशली : साथीदाराला बर्फात न सोडणारा आगवाला

जहाज म्हटलं की आपल्याला कप्तान आठवतो. पण वाफेच्या जहाजाचा खरा दम तळाशी असायचा. तिथे स्टोकर, म्हणजे बोटीवरच्या हिंदी खलाशांच्या बोलीत आगवाला, फावड्याने भट्टीत कोळसा घालत राहायचा. अंगाची लाही करणारी उष्णता, नाकातोंडात धूळ, आणि जहाजाला भोक पडलं तर पाणी आधी तिथेच शिरायचं. कोकणातल्या आपल्या ज्या घरांतली वडीलधारी माणसं बोटीवर गेली, त्यांना हे वेगळं सांगायला नको. अशाच एका आगवाल्याची ही हकीकत.

विल्यम लॅशलीचा जन्म 25 डिसेंबर 1867 रोजी इंग्लंडमधल्या हॅम्बल्डन गावी झाला. बाप शेतमजूर. पोरगा ब्रिटिश नौदलात भरती झाला. दारू नाही, तंबाखू नाही, आणि अंगात बैलासारखी ताकद. 1901 मध्ये कॅप्टन स्कॉट 'डिस्कव्हरी' जहाज घेऊन दक्षिण ध्रुवाकडे निघाले, तेव्हा 33 वर्षांचा लॅशली त्यात होता. डिसेंबर 1903 मध्ये हिमनदी उतरताना स्कॉट आणि एडगर इव्हान्स हा खलाशी बर्फाच्या भेगेत पडून दोरावर लोंबकळू लागले. वर एकटा लॅशली उरला. त्याने घसरगाडी घट्ट धरून ठेवली, म्हणून दोघे जिवंत वर आले.

1910 ला स्कॉट पुन्हा निघाले. आता लॅशली मुख्य स्टोकर होता आणि मोटरवर चालणाऱ्या बर्फगाड्यांवर त्याचं काम होतं. या गाड्या नोव्हेंबर 1911 च्या सुरुवातीलाच बंद पडल्या. तेव्हापासून त्याने सामान स्वतःच्या खांद्याने ओढलं. 4 जानेवारी 1912 ला, ध्रुव सुमारे 270 किलोमीटर उरला असताना, स्कॉटनी लॅशली, टॉम क्रीन आणि लेफ्टनंट एडवर्ड इव्हान्स यांना परत पाठवलं.

परतीची वाट जीवघेणी ठरली. लेफ्टनंट इव्हान्सला स्कर्व्ही झाला. ताज्या अन्नाअभावी होणारा हा रोग. पाय काळेनिळे पडले, उभंही राहवेना. मला इथेच सोडा आणि तुम्ही जीव वाचवा, असा हुकूम त्याने दिला. नौदलात वरिष्ठाचा हुकूम मोडणं म्हणजे मोठा गुन्हा. दोघांनी तो साफ धुडकावला आणि त्याला गाडीवर बांधून ओढत नेलं. तळ 56 किलोमीटरवर असताना अंगातली ताकदच संपली. मग क्रीन मदत आणायला एकटा चालत गेला, 18 तास. लॅशली तंबूत आजाऱ्यापाशी थांबला. अन्न जवळजवळ संपलेलं, बाहेर वादळ, आणि क्रीन पोहोचला की नाही हेही कळायला मार्ग नाही. अखेर कुत्र्यांच्या गाड्या आल्या आणि इव्हान्स वाचला.

स्कॉट मात्र परतले नाहीत. नोव्हेंबर 1912 मध्ये ज्या तुकडीला त्यांचा तंबू सापडला, तिच्यात लॅशली होता. त्या तुकडीबरोबर हिंदुस्थानातून आणलेली खेचरं होती. 1913 मध्ये लॅशली आणि क्रीन दोघांना जीव वाचवल्याबद्दल अल्बर्ट पदक मिळालं.

नोकरी संपली होती, पण पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि लॅशली पुन्हा बोटीवर चढला. त्याची 'इरेझिस्टिबल' ही युद्धनौका दार्दानेल्सवर गेली. उस्मानी नौदलाच्या 'नुसरत' या छोट्या जहाजाने तिथे आधीच रात्रीच्या अंधारात सुरुंग पेरले होते. 18 मार्च 1915 ला त्यांवर आदळून तीन मोठ्या युद्धनौका बुडाल्या. तुर्कस्तानात हा दिवस आजही चनक्कले विजयाचा दिवस म्हणून पाळतात. त्या तिघींत 'इरेझिस्टिबल' होती. सुरुंग फुटला तो इंजिनखोलीखालीच. लॅशली वाचला आणि 'ॲमेथिस्ट' जहाजावर पुढची चाकरी करू लागला.

युद्धानंतर कार्डिफला त्याने जकात खात्यात काम केलं. म्हातारपणी तो गावी परतला आणि बर्फातल्या एका कड्यावरून घराला 'मिना ब्लफ' नाव दिलं. 12 जून 1940 रोजी तो वारला. ज्याला त्याने बर्फात सोडलं नाही, तो इव्हान्स पुढे ॲडमिरल आणि लॉर्ड झाला. लॅशली नौदलात शेवटपर्यंत स्टोकरच राहिला.

आपण मुलांना सेनापतींच्या गोष्टी सांगतो. हीही सांगावी. हुकूम पाळणं हे शिपायाचं काम खरं, पण आजारी साथीदाराला टाकून जा असा हुकूम आला, तर काय करायचं हे या शेतमजुराच्या पोराने दाखवून दिलं.