सिडनी रिंगर

सिडनी रिंगर (मृत्यू: १४ ऑक्टोबर १९१०) हे ब्रिटिश वैद्य, औषधशास्त्रज्ञ आणि शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. शरीराबाहेर काढलेले हृदय धडधडत राहावे यासाठी कोणते क्षार किती प्रमाणात लागतात, हे त्यांनी १८८० च्या दशकात बेडकावरील प्रयोगांतून दाखवले. त्यातून तयार झालेले द्रावण ‘रिंगरचे द्रावण’ या नावाने ओळखले जाते. रुग्णालयांतील ‘रिंगर लॅक्टेट’ हे त्याचेच सुधारित रूप असून केशरोपणाच्या शस्त्रक्रियेत काढलेली केशमुळे पुन्हा लावेपर्यंत जिवंत ठेवण्यासाठीही ते वापरले जाते.

जन्म व शिक्षण

रिंगर यांचा जन्म १८३० च्या दशकाच्या मध्यास इंग्लंडमधील नॉरिच येथे एका व्यापारी कुटुंबात झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. त्यांचे भाऊ फ्रेडरिक यांनी जपानमधील नागासाकी येथे व्यापारात मोठे नाव मिळवले. त्यांचे तेथील घर आजही जतन केलेले आहे. सिडनी मात्र वैद्यकाकडे वळले. नॉरिचमध्ये काही काळ उमेदवारी केल्यानंतर १८५४ साली त्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्रवेश घेतला. १८६० मध्ये ते वैद्यकीय पदवीधर झाले व १८६३ मध्ये त्यांना एम.डी. ही पदवी मिळाली.

वैद्यकीय कारकीर्द

युनिव्हर्सिटी कॉलेजचे रुग्णालय हीच रिंगर यांची आयुष्यभराची कर्मभूमी ठरली. सहायक वैद्यापासून सुरुवात करून ते तेथे प्राध्यापकपदापर्यंत पोहोचले. काही वर्षे त्यांनी ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील बालरुग्णालयातही काम केले. औषधोपचारावरील त्यांचा ग्रंथ १८६९ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या १३ आवृत्त्या निघाल्या आणि हयातीत त्यांची ख्याती मुख्यतः या ग्रंथामुळेच होती. १८८५ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

प्रयोगशाळेतील काम त्यांनी रुग्णसेवा सांभाळूनच केले. वॉर्डातील फेरीच्या आधी आणि नंतर मिळेल तो वेळ ते प्रयोगांना देत. स्वतंत्र संशोधनसंस्था वा शिष्यांचा मोठा परिवार त्यांच्यामागे नव्हता, हे त्यांच्या कामाचा आवाका पाहता विशेष म्हणावे लागेल.

नळाच्या पाण्याची चूक

१८८२ साली रिंगर यांनी बेडकाच्या हृदयाच्या जवनिकेवरील प्रयोगांचा लेख प्रसिद्ध केला. मिठाच्या पाण्यात हृदयाचे आकुंचन पुष्कळ वेळ टिकते आणि त्यात थोडे पोटॅशियम घातल्यास ते अधिक चांगले चालते, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे हेच प्रयोग पुन्हा करताना मात्र हृदय लवकर क्षीण होऊन थांबू लागले. प्रयोग तोच, बेडूक त्याच जातीचा आणि मीठही तेवढेच होते. फरक पाण्यात होता. आधीचे द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाच्या पाण्यात बनवले गेले होते.

त्या भागाला न्यू रिव्हर कंपनी पाणी पुरवत असे. १६१३ मध्ये सुरू झालेला तिचा कालवा हर्टफर्डशायरमधील झऱ्यांचे पाणी लंडनमध्ये आणत होता. खडूच्या खडकांतून झिरपलेल्या या पाण्यात चुन्याचे म्हणजे कॅल्शियमचे क्षार विरघळलेले असत. नांदेड-लातूरकडील बोअरच्या जड पाण्याने भांड्यांच्या आत पांढरा थर धरतो, त्याच प्रकारचे हे क्षार होत. मराठवाड्यात ते काळ्या पाषाणातून येतात, एवढाच फरक.

रिंगर यांनी ही चूक दडवली नाही. पुढील वर्षी, १८८३ मध्ये, त्यांनी त्याच नियतकालिकात नवा लेख लिहून आधीच्या द्रावणातील पाण्याचा उगम कंपनीच्या नावासह नोंदवला आणि आपले पूर्वीचे निष्कर्ष दुरुस्त केले. स्वतःच्याच लेखातील आधार काढून घेणारी ही दुरुस्ती त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाचा शोध ठरली. हृदयाच्या आकुंचनासाठी कॅल्शियम अत्यावश्यक असते. ते एकटेच असल्यास हृदय आकुंचित अवस्थेत अडकते, तर पोटॅशियमचा अतिरेक झाल्यास ते शिथिल अवस्थेत थांबते. या दोहोंचा तोल सांभाळला तर सोडियमच्या द्रावणात हृदय तासन्‌तास चालते. पुढील लेखांत रिंगर यांनी इतर स्नायूंवर तसेच माशांवरही क्षारांचे परिणाम तपासले.

कौटुंबिक जीवन

रिंगर यांचा विवाह १८६७ मध्ये यॉर्कशायरमधील अ‍ॅन डार्ली यांच्याशी झाला. त्यांना दोन मुली होत्या. थोरली मुलगी बालपणीच वारली. तिच्या स्मरणार्थ या दांपत्याने लास्टिंगहॅम गावातील प्राचीन सेंट मेरी चर्चचा जीर्णोद्धार स्वखर्चाने करवला, वास्तुविशारद जे. एल. पिअरसन यांनी ते काम १८७९ मध्ये केले. १९०० साली निवृत्त झाल्यावर रिंगर याच गावी राहू लागले. तेथेच त्यांचे निधन झाले व तेथेच त्यांचे दफन झाले.

द्रावणाचा पुढील प्रवास

१९३० च्या दशकात अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ अ‍ॅलेक्सिस हार्टमन यांनी जुलाबाने खंगलेल्या मुलांच्या रक्तातील आम्लता कमी व्हावी म्हणून रिंगर यांच्या द्रावणात सोडियम लॅक्टेट मिसळले. भारतात मिळणाऱ्या रिंगर लॅक्टेटच्या एका लिटरमध्ये साधारणतः ६ ग्रॅम मीठ, ३.२ ग्रॅम सोडियम लॅक्टेट, ०.४ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि ०.२७ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड असते. नांदेड किंवा लातूरच्या रुग्णालयात ‘सलाईन लावली’ असे नातेवाईक सांगतात, तेव्हा टांगलेली बाटली पुष्कळदा ‘आरएल’ची असते.

केशरोपणात डोक्याच्या मागील भागातून केशमुळे सुटी केली जातात. सुटे होताच त्यांचा रक्तपुरवठा तुटतो आणि हजार-दोन हजार मुळे लावायची असल्यास शेवटच्या मुळाला कित्येक तास थांबावे लागते. या काळात कोरडे पडणे हा मुळांचा सर्वांत मोठा शत्रू असतो. त्यामुळे ती थंड सलाईनमध्ये किंवा रिंगर लॅक्टेटमध्ये बुडवून, सुमारे ४ अंश सेल्सियस तापमानाला ठेवण्याची पद्धत रूढ झाली. थंडीने पेशींची भूक मंदावते. शरीराबाहेरील पहिल्या काही तासांत दर तासाला सुमारे १ टक्का मुळे दगावतात, असा ठोकताळा या क्षेत्रात वापरला जातो.

येथे रिंगर यांच्या द्रावणाची मर्यादाही दिसते. ते रक्तातील द्रवाची, म्हणजे पेशीबाहेरील वातावरणाची, नक्कल करते: सोडियम जास्त, पोटॅशियम कमी. शरीराच्या तापमानात हे योग्य असते. थंडीत मात्र पेशीतून सोडियम बाहेर फेकणारी यंत्रणा मंदावते, सोडियमपाठोपाठ पाणी आत शिरते आणि पेशी फुगतात. म्हणून मूत्रपिंडासारखे अवयव साठवण्यासाठी पेशीच्या आतील क्षारांशी मिळतीजुळती द्रावणे तयार झाली. १९६९ मधील कॉलिन्स यांचे द्रावण आणि १९८० च्या दशकात बेल्झर व साउथर्ड यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात तयार केलेले द्रावण ही त्यांची प्रमुख उदाहरणे होत. केशरोपणात याच तत्त्वावरील हायपोथर्मोसोल हे द्रावण, कधी एटीपी मिसळून, वापरले जाते. ते महाग असल्याने लहान शस्त्रक्रियांत आणि मुळे लवकर लावली जाणार असतील तेथे बर्फावर ठेवलेले रिंगर लॅक्टेट अजूनही वापरात आहे.