करार वाढले, पत घटली

परराष्ट्र खाते ज्याच्या घरातच नांदत होते असा मुत्सद्दी म्हणजे जॉन फॉस्टर डलेस. त्यांचे आजोबा अध्यक्ष हॅरिसन यांचे परराष्ट्रमंत्री होते. मावशीचे यजमान रॉबर्ट लॅन्सिंग यांनी अध्यक्ष विल्सन यांच्या कारकीर्दीत तेच पद भूषविले. १८८८ साली एका धर्मोपदेशकाच्या घराण्यात जन्मलेल्या या मुलाने विद्यार्थिदशेतच, १९०७ साली, आजोबांबरोबर हेगची शांतता परिषद पाहिली. पुढे न्यूयॉर्कच्या एका बड्या वकिली पेढीत त्यांनी नाव आणि पैसा दोन्ही मिळविले. धर्मोपदेशकाची निःशंकता आणि वकिलाची दस्तऐवजनिष्ठा यांचा संगम त्यांच्या ठायी झाला होता. अमेरिकेला हा संगम पुढे बराच महाग पडला.

डलेस संकुचित दृष्टीचे होते असे मात्र म्हणता येणार नाही. १९१९ साली पॅरिसच्या तह परिषदेत ते युद्धभरपाईच्या प्रश्नावर अमेरिकी शिष्टमंडळाचे कायदेशीर सल्लागार होते. पराभूत जर्मनीवर न पेलणारा बोजा लादण्याचे परिणाम त्यांनी पाहिले. म्हणूनच १९५१ साली जपानशी तह करण्याची कामगिरी त्यांच्याकडे आली तेव्हा त्यांनी भरपाईचा आग्रह सौम्य ठेवला. हरलेल्या राष्ट्रालाही स्वाभिमान असतो, हे त्यांना उमगले होते. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या राष्ट्रांनाही तो असतो, आणि तो अधिक हळवा असतो, हे मात्र त्यांना कधी उमगले नाही.

१९५३ साली ते आयसेनहॉवर यांचे परराष्ट्रमंत्री झाले आणि करारांचा सपाटा सुरू झाला. मे १९५४ मध्ये पाकिस्तानशी लष्करी मदतीचा करार झाला, तर सप्टेंबरात मनिला येथे आग्नेय आशिया संरक्षण करारावर सह्या झाल्या. या दुसऱ्या कराराच्या आठ सभासदांपैकी आशियाई देश तीनच होते : पाकिस्तान, थायलंड व फिलिपाइन्स. भारत, ब्रह्मदेश, सिलोन आणि इंडोनेशिया बाहेरच राहिले. वकिलाचे लक्ष सह्यांवर असते. सही न करणाऱ्याच्या मनात काय चालले आहे, याची नोंद दस्तऐवजात होत नाही. १९५६ साली तर डलेस यांनी तटस्थतेला जवळजवळ अनीतीच ठरविले. ज्यांनी विचारपूर्वक अलिप्ततेचे धोरण पत्करले होते त्यांना हा उपदेश कसा वाटला असेल, हे सांगावयास नको.

परंतु भारतीयांच्या, आणि त्यातही मराठी माणसांच्या, मनाला खरा घाव बसला तो गोव्याच्या प्रश्नावर. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सरहद्दीवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला. वीसहून अधिक माणसे मेली. त्या वर्षाच्या अखेरीस बुल्गानिन आणि ख्रुश्चेव्ह भारतात आले व त्यांनी वसाहतवादाचा धिक्कार केला. यावर डलेस यांनी काय करावे? २ डिसेंबरला पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री कुन्हा यांच्यासमवेत संयुक्त पत्रक काढून त्यांनी या वसाहतींचा उल्लेख पोर्तुगालचे प्रांत असा केला. प्रांत हा शब्द सालाझार यांच्या राजवटीने १९५१ साली मुद्दाम रूढ केलेला होता. वसाहत हे नाव पुसले की वसाहतीचा प्रश्नच उरत नाही, अशी ती क्लृप्ती. पोर्तुगाल हा उत्तर अटलांटिक करारातील दोस्त आणि अझोर्सचा तळ अमेरिकेला हवा होता. हिशेब चोख होता. त्या हिशेबात सत्याग्रहींचे रक्त धरलेले नव्हते, एवढेच.

आस्वान धरणाच्या बाबतीतही हेच घडले. देऊ केलेली मदत १९ जुलै १९५६ रोजी डलेस यांनी काढून घेतली; आठवडाभरात नासर यांनी सुवेझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. न्यायाची गोष्ट ही की, ब्रिटन, फ्रान्स व इस्रायल यांनी इजिप्तवर चाल केली तेव्हा याच डलेस यांनी संयुक्त राष्ट्रसंघात आपल्या जुन्या दोस्तांविरुद्ध ठराव मांडला, आणि आशियात अमेरिकेची पत एकदम वधारली. एक पैसाही न देता! ही कमाई त्यांना टिकविता आली नाही. इराणमध्ये मोसादेक यांना १९५३ साली, ग्वाटेमालात आर्बेंझ यांना १९५४ साली पदच्युत करण्यामागे अमेरिकेच्या गुप्तचर खात्याचा हात होता, आणि त्या खात्याचे प्रमुख होते डलेस यांचेच बंधू अ‍ॅलन. व्हेनेझुएलाचे हुकूमशहा पेरेझ हिमेनेझ यांना अमेरिकेने १९५४ साली सन्मानपदक दिले. ते सत्ताभ्रष्ट झाल्यावर मे १९५८ मध्ये उपाध्यक्ष निक्सन काराकासला गेले, तेव्हा जमावाने त्यांच्या मोटारीच्या काचा फोडल्या.

याच काळात अमेरिकेचा गहूही भारतात येऊ लागला होता. ऑगस्ट १९५६ च्या करारान्वये तो रुपयांत मिळणार होता, आणि परकीय चलनाची चणचण भासणाऱ्या देशाला ही सवलत लहान नव्हती. लोकांनी गहू खाल्ला आणि गोव्याचे पत्रक ध्यानात ठेवले. याला कृतघ्नता म्हणणारे अमेरिकेत पुष्कळ होते. पण धान्याची उसनवारी धान्याने फिटते; अपमानाची नोंद वेगळ्या खात्यात होते.

२४ मे १९५९ रोजी कर्करोगाने डलेस यांचे निधन झाले. १८ डिसेंबर १९६१ रोजी, भारतीय सेना गोव्यात शिरली असताना, सुरक्षा समितीत युद्धबंदीचा व भारतीय सैन्य माघारी बोलाविण्याचा ठराव आला. पुरस्कर्त्यांत अमेरिकाही होती. रशियाने नकाराधिकार वापरला. त्याच्याबरोबर ठरावाविरुद्ध मत देणारे आणखी तीन देश होते : सिलोन, लायबेरिया आणि नासर यांचे संयुक्त अरब प्रजासत्ताक.