फ्रॉइडचा सिगार

परदेशातून आलेला पाहुणा सिगारचा डबा घेऊन येतो आणि दिवाणखान्यात ठरावीक प्रश्न सुरू होतात. चांगला सिगार ओळखायचा कसा? आपल्या पावसाळ्यात तो ठेवायचा कुठे? आणि मग जरा हळू आवाजात, धूर गिळायचा नसतो, म्हणजे तो सिगारेटइतका वाईट नाही ना?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सोपी आहेत. आतला भर, त्यावरचा बांधणीचा पाला आणि बाहेरचे गुळगुळीत पान, तिन्ही तंबाखूचेच असावे. हलके दाबल्यावर सिगार लवचिक लागावा. पान आंबवताना आणि मुरताना कॉफी, कोको, मिरी, देवदार असे स्वाद त्यात उतरतात. देवदारी पेटीत पासष्ट ते सत्तर टक्के दमटपणा राखला तर ते टिकतात. जव्हारच्या पावसात उघडा ठेवलेला सिगार बुरशीने जाईल, उन्हाळ्यात तडकेल.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका माणसाच्या आयुष्यातच सापडते.

सिग्मंड फ्रॉइडचा जन्म 1856 सालचा, मोराव्हियातला. बालपणीच तो व्हिएन्नात आला, डॉक्टर झाला आणि माणूस स्वतःपासून काय काय लपवतो, याचा शोध घेण्यात त्याने हयात घालवली. चोविसाव्या वर्षी लागलेले व्यसन पुढे दिवसाला वीस सिगारांवर गेले. सिगारशिवाय त्याला लिहिणे सुचत नसे. 1894 च्या सुमारास छातीत धडधड होऊ लागली. डॉक्टर मित्र फ्लीस याने तंबाखू बंद करायला सांगितली. फ्रॉइडने काही काळ ती सोडलीही, पण पुन्हा धरली.

1923 च्या फेब्रुवारीत त्याला टाळूजवळ गाठ जाणवली. दोन महिने तो गप्प राहिला. एप्रिलमध्ये घरी न सांगताच तो शस्त्रक्रियेला गेला. रक्तस्राव थांबेना आणि घंटा वाजेना. खोलीतल्या दुसऱ्या, ठेंगण्या रुग्णाने धावत जाऊन मदत आणली, म्हणून तो वाचला. गाठ कर्करोगाची होती, पण मनाचे खेळ उलगडणाऱ्या या माणसापासून त्याच्याच डॉक्टरांनी ते लपवले. त्याच वर्षी पुढे डॉ. पिख्लर यांनी उजवीकडचा वरचा जबडा आणि टाळूचा बराच भाग काढला. त्या जागी कृत्रिम टाळू बसवला.

पुढची सोळा वर्षे त्याने तिशीहून अधिक शस्त्रक्रिया सोसल्या. बोलणे घोगरे झाले, उजवा कान गेला, चारचौघांत जेवणे नकोसे झाले. धाकटी मुलगी ॲना शुश्रूषा करी. घट्ट बसलेला तो कृत्रिम टाळू काढून, स्वच्छ करून पुन्हा बसवण्याचे काम तिचे. तरीही सिगार सुटला नाही. 1938 मध्ये नाझींमुळे व्हिएन्ना सोडून तो लंडनला गेला आणि 23 सप्टेंबर 1939 रोजी तिथेच वारला.

धूर छातीत उतरला नाही तरी तोंड त्याची किंमत मोजते. मनाचे इतके ज्ञान असूनही त्याला ती टाळता आली नाही.

बँकेच्या नोकरीत मी जव्हार-मोखाड्यात होतो. नागली-वरईच्या पिकाचे कर्ज घ्यायला आलेले शेतकरी अंगठा उठवण्याआधी तळहातावर चुना लावून तंबाखू मळत. विडी सोडली, आता नुसती दाढेखाली धरतो, असे काहीजण अभिमानाने सांगत. दिवाणखान्यातला हळू आवाजातला प्रश्न आणि हा अभिमान, दोहोंत समजूत एकच. आजाराची पायरीही बहुधा एकच असते. एसटी बदलत बदलत मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो आणि पिशवी सांभाळत सोबत येते ती बायको किंवा मुलगी.

म्हणून आज घरात कोणी सिगार, विडी ओढत असेल वा तंबाखू मळत असेल, तर एवढे करा. बॅटरी घेऊन तोंडात पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरणारी जखम दिसली, तर गप्प राहू नका, डॉक्टरांना दाखवा. फ्रॉइडने दोन महिने घालवले होते.