डॉ. मिन चिउ ली : अदृश्य कर्करोगाचा माग
कोरिओकार्सिनोमा हा वारेच्या पेशींपासून उद्भवणारा दुर्मीळ कर्करोग. तो फुप्फुसांत पसरला की तरुण स्त्रिया काही महिन्यांतच दगावत. १९५६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत डॉ. मिन चिउ ली यांनी अशाच एका अत्यवस्थ रुग्णेला मेथोट्रेक्सेट दिले आणि क्ष-किरण चित्रातील गाठी हळूहळू नाहीशा झाल्या. त्या काळच्या शिरस्त्याप्रमाणे उपचार तेथेच संपायचे. मात्र, चीनमध्ये १९१९ साली जन्मलेल्या लींची नजर रुग्णांच्या लघवीतील एचसीजी या संप्रेरकावर होती. ते शिल्लक आहे, म्हणजे कर्करोगही कुठेतरी दडून आहे, असा त्यांचा तर्क. त्यामुळे गाठी दिसेनाशा झाल्यावरही त्यांनी औषध चालू ठेवले. विषारी औषधाचा हा मारा वरिष्ठांना रुचला नाही. लींना संस्था सोडावी लागली. पुढे ज्यांचे उपचार लवकर थांबले, त्यांच्यात रोग उलटला. लींनी एचसीजी नाहीसे होईपर्यंत औषध दिलेल्या स्त्रिया मात्र बऱ्या झाल्या. १९७२ मध्ये रॉय हर्ट्झ आदींसमवेत त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. मान मिळाला, पण तोवर दीड दशक उलटले होते. १९८० साली त्यांचे निधन झाले. आज या आजाराच्या ९० टक्क्यांहून अधिक रुग्णा बऱ्या होतात. औषध केव्हा थांबवायचे, हे अजूनही एचसीजी मोजूनच ठरते.